नाताळचीं गीतें व त्यांजबरोबर येणाऱ्या आठवणी

शास्त्रपाठ : १ शमुवेल २:१-१०, लूक १:४६-५५, ६७-७९, २:८-२०, २५-३८, मत्तय २:१६-१८.

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या खानदेशांतील मंडळ्यांत एक गोष्ट दरवर्षीं घडते. दिवसभर कापूस वेचून थकलेलीं माणसें भरीत-भाकर खाऊन रात्रीं एके ठिकाणीं जमतात. कोणी पेटी पुढें ओढितो, कोणी डफ विस्तवावर शेकितो, आणि नाताळच्या गीतांचा सराव सुरू होतो. पहिलें कडवें संपतें न संपतें तोंच एखाद्या वृद्ध बंधूचे डोळे भरून येतात, एखादी बहीण पदरानें तोंड झांकिते, आणि मुलें एकमेकांकडे पाहून विचारितात, "गीत तर आनंदाचें आहे, मग हीं माणसें रडतात कां?"

हा प्रश्न लहानांचा असला तरी लहान नाहीं. गीत सर्वांचें एकच. पण तें कानीं पडतांच प्रत्येकाच्या मनांत निराळें घर, निराळा दिवा व निराळें माणूस उभें राहतें. एकाला आपला बाप आठवतो. तो टाळ घेऊन सर्वांच्या पुढें चालत असे. एकीला माहेरची ती शेवटची नाताळरात्र आठवते, जिच्यानंतर चार महिन्यांनीं ती सासरीं गेली. एकाला तें वर्ष आठवतें, ज्या वर्षीं पावसानें ओढ दिली, घरांत गुळाचा खडाही नव्हता, आणि तरीही गीतें म्हणणारी मंडळी कंदील घेऊन दारांत येऊन उभी राहिली.

ह्या आठवणींचें काय करावें? कोणी म्हणतात, सुवार्ता ही आनंदाची वार्ता आहे. तेव्हां मागचें आठवून रडणें हें विश्वासाचें उणेपण होय. दुसरे कोणी म्हणतात, गीत ही सणाची शोभा. ह्या वर्षीं हें म्हणावें, पुढल्या वर्षीं नवें आणावें, जुन्याची खंत कशास? आम्हांस वाटतें कीं दोघांच्याही बोलण्यांत एक मोठी गोष्ट राहून जाते. नाताळचें गीत ही ठेव आहे. ती कोणी तरी आपल्या हातीं दिली, म्हणून ती आपणांपाशीं आहे. आणि आपण ती पुढल्यांच्या हातीं दिली नाहीं, तर ती तेथेंच संपेल. हें शास्त्रावरून व इतिहासावरून दाखवावें, ह्यासाठीं आम्ही पिंप्राळ्याहून हा पाठ लिहीत आहों.

१. पहिलीं नाताळगीतें हीं स्वतःच आठवणी होत

लूककृत शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय उघडा. त्यांत चार गीतें आढळतात : मरीयेचें, जखऱ्याचें, देवदूतांचें आणि शिमोनाचें. जगांतील सर्व नाताळगीतांचीं हीं मूळ गीतें होत.

मरीयेचें गीत वाचून झाल्यावर १ शमुवेलाचा दुसरा अध्याय काढा आणि हन्नेचें गीत त्याच्या शेजारीं ठेवा. हन्ना मरीयेच्या पूर्वीं हजाराहून अधिक वर्षांची. पोटीं मूल नाहीं म्हणून तिनें सवतीचे टोमणे सोसले. आणि शमुवेल झाल्यावर जें गीत तिच्या मुखांतून निघालें, त्यांत तिनें सांगितलें कीं देव बलवानांचें सामर्थ्य मोडितो, लटपटणाऱ्यांस उभें करितो, भुकेल्यांस तृप्त करितो, आणि धुळींत बसलेल्यांस वर उचलितो. मरीयेच्या गीतांतही गर्विष्ठ पांगतात, दीन उंचावले जातात, भुकेल्यांच्या ओंजळी भरतात. शब्द अगदीं तेच नाहींत, पण ओघ तोच आहे.

हें गीत मरीयेपाशीं कोठून आलें असावें? नासरेथासारख्या खेड्यांतील गरीब मुलीच्या घरीं शास्त्राच्या गुंडाळ्या कोठून असणार? त्या सभास्थानांत असत, आणि हातानें लिहिलेल्या असल्यामुळें फार मोलाच्या असत. तेव्हां तिनें हें कानांनींच ऐकलें असलें पाहिजे. सभास्थानांत ऐकलें असेल, अथवा घरांतील वडील बायकांच्या तोंडून ऐकलें असेल. आणि तिच्या जन्मांतली मोठी घटका आली, तेव्हां तिला शब्द शोधीत बसावें लागलें नाहीं. जुनी ठेव तिच्या अंतःकरणांत होतीच. तिनें ती नव्या आनंदानें भरली.

जखऱ्याकडे पाहा. त्याच्या नांवाचाच अर्थ, परमेश्वर स्मरण करितो, असा आहे. कित्येक महिने त्याची वाचा बंद होती. ती उघडतांच त्यानें आपल्या दुखण्याची कथा सांगितली नाहीं. दाविदाचें घराणें, पूर्वींचे संदेष्टे, अब्राहामास दिलेली शपथ, ह्यांची आठवण करून त्यानें देवाला धन्यवाद दिला. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. ह्या दोन्ही गीतांत केवळ मनुष्य देवाची आठवण करीत नाहीं. देव आपली दया व आपला करार आठवितो, असें तीं गीतें सांगतात. आठवण ठेवणें हें आधीं देवाचें काम आहे. म्हणून तें आपणांसही साजतें.

मेंढपाळ गव्हाणीपाशीं येऊन गेल्यावर मरीयेनें त्या सर्व गोष्टी अंतःकरणांत ठेविल्या, असें लूक एकदां नव्हे तर दोनदां लिहितो (२:१९, ५१). लूक स्वतः तेथें नव्हता. ज्यांनीं आरंभापासून पाहिलें त्यांजपासून हें आलें आहे, असें तो आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच सांगतो. म्हणजे कोणी तरी आठवण ठेविली, कोणी तरी विचारिलें, आणि कोणी तरी लिहून घेतलें. ह्या तीन कामांपैकीं एकही राहिलें असतें, तर त्या रात्रीचें गीत आज आपणांपाशीं नसतें.

२. आनंदाच्या गीतांत अश्रूंना जागा आहे काय?

आतां मुलांच्या प्रश्नाकडे वळूं. शिमोनाचें गीत पाहा. तें वृद्धाचें गीत आहे. त्यांत तो बाळाला हातांत घेऊन देवाकडे शांतीनें जाण्याची आज्ञा मागतो. आणि गीत संपतांच तो मरीयेला सांगतो कीं तिच्या स्वतःच्या जिवांतून तरवार आरपार जाईल. आई कोंवळ्या बाळाला मंदिरांत घेऊन आलेली आहे, आणि त्याच वेळीं तिला दुःखाचा निरोप मिळतो! मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांत तर हेरोदाच्या आज्ञेनें बेथलेहेमांतील बाळें मारिलीं जातात, आणि आपल्या लेकरांसाठीं रडणाऱ्या राहेलीचें स्मरण केलें जातें. पहिल्या नाताळाच्या गांवीं रिकाम्या झोळ्याही होत्या. शास्त्रानें हें लपविलें नाहीं.

म्हणून बंधुजनहो, ज्या घरीं ह्या वर्षीं मृत्यु आला आहे त्या घरच्या माणसाचा स्वर गीत म्हणतांना अडखळला, तर त्याला दटावूं नका, आणि "आज सणाचा दिवस, रडूं नये" असेंही म्हणूं नका. तो ज्याच्या शेजारीं उभा राहून हें गीत वर्षानुवर्षें म्हणत आला, तो आज शेजारीं नाहीं. आणि गीतानेंच त्याला ती रिकामी जागा दाखविली. हें अविश्वासाचें चिन्ह नव्हे. ज्याच्यावर प्रीति केली, त्याची ही आठवण आहे.

पण शास्त्र आपणांस येथेंच सोडीत नाहीं. शिमोनाच्या मागोमाग हन्ना नांवाची संदेष्ट्री येते. ती लग्नानंतर सातच वर्षें नवऱ्याजवळ राहिली होती, आणि पुढें म्हातारपणापर्यंत विधवा होती. तिच्याइतक्या आठवणी कोणापाशीं असतील? तरी ती त्या कवटाळून कोपऱ्यांत बसली नाहीं. तिनें बाळाविषयीं, वाट पाहणाऱ्या सर्वांस सांगितलें. आठवण मनांत कोंडिली म्हणजे ती जड होते. तीच दुसऱ्याला सांगितली म्हणजे ती दान होते.

३. पुस्तकें गेलीं, पण गीत राहिलें

आतां इतिहासांतील दोन गोष्टी सांगतों. पहिली आपल्या मराठी भाषेंतीलच आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आला. तेथील लोकांचें पुराणश्रवणाचें प्रेम पाहून त्यानें ख्रिस्तपुराण हा मोठा ग्रंथ मराठी ओवींत रचिला. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत, आणि प्रभूच्या जन्माची कथाही त्यांत आहे. तो १६१६ सालीं साष्टी प्रांतांतील राचोल येथें छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला गेला. म्हणजे चारशें वर्षांपूर्वीं गव्हाणीची गोष्ट आपल्या जात्यावरच्या ओवीच्या रूपांत आली होती. पण पुढें काय झालें? १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढिला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठें आढळत नाहीं. असें असूनही ग्रंथ नाहींसा झाला नाहीं; कारण कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती करून ठेविल्या होत्या, आणि त्या बापाकडून लेकाकडे जात राहिल्या. त्या प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा ह्यांनीं तो पुन्हां छापून काढिला. छापखाना जें राखूं शकला नाहीं, तें घरांनीं राखिलें.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रिया देशांतील. आज ज्या गीताला जगभर शांत रात्रीचें गीत म्हणून ओळखितात, आणि जें आपल्या मराठी मंडळ्यांतही म्हटलें जातें, त्याचे शब्द योसेफ मोर ह्या तरुण धर्मगुरूनें १८१६ सालीं लिहिले. दोन वर्षांनीं, १८१८ सालच्या २४ डिसेंबर रोजीं, त्यानें ते फ्रान्झ ग्रूबर ह्या खेड्यांतील शिक्षकाकडे नेले. ग्रूबरानें त्यांस चाल लाविली, आणि त्याच रात्रीं ओबर्नडॉर्फ गांवच्या देवळांत दोघांनीं तें गीत गिटार ह्या तंतुवाद्याच्या साथीनें म्हटलें. पुढें टिरोल प्रांतांतील गाणाऱ्या कुटुंबांनीं तें गांवोगांव नेलें. गीत इतकें पसरलें कीं रचणारांचीं नांवेंच लोक विसरले. तें कोणा मोठ्या संगीतकाराचें असावें, असें लोक समजूं लागले. १८५४ सालीं बर्लिनच्या दरबारी गायकवृंदाकडून चौकशी आली, तेव्हां ग्रूबरानें खरी हकीकत लिहून दिली. मोर त्यापूर्वींच, १८४८ सालीं, गरिबींत वारला होता. त्याच्या स्वतःच्या हातचा, ग्रूबराच्या नांवासह लिहिलेला कागद तर १९९५ सालीं सांपडला.

ह्याच गीताविषयीं आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९१४ सालच्या महायुद्धांत, नाताळच्या आदल्या रात्रीं, फ्रान्स व बेल्जियम ह्या देशांतील खंदकांत जर्मन शिपाई तें म्हणूं लागले. समोरच्या खंदकांतील इंग्रज शिपायांनीं तें ऐकिलें आणि आपलीं गीतें म्हटलीं. कित्येक ठिकाणीं दोन्हींकडचे लोक बंदुका ठेवून एकमेकांस भेटले. युद्ध थांबलें नाहीं. तें पुढें चार वर्षें चाललें. पण त्या रात्रीं शत्रूलाही घर आहे, आई आहे, आणि त्यानेंही लहानपणीं असेंच गीत म्हटलें आहे, हें त्या शिपायांस कळलें. कोणत्याही सेनापतीच्या हुकुमानें हें झालें नसतें, आठवणीनें झालें.

४. आपल्या चालीचें गीत आठवणींत खोल उतरतें

आमच्या पिंप्राळ्यास आषाढी एकादशीस रथ निघतो. पिंप्राळा हें एके काळीं जळगांवाबाहेरचें खेडें होतें, आतां तें शहरांत सामावलें आहे; पण रथाची रीत चालू आहे. त्या दिवशीं टाळमृदंगाच्या नादांत अभंग म्हणणाऱ्या कित्येकांच्या हातीं पुस्तक नसतें. शेंकडों अभंग त्यांस मुखोद्गत असतात. तसें कां? चाल आपली, भाषा आपली, आणि लहानपणापासून कानीं पडलेली. ज्या गीताची चाल रक्तांत भिनली आहे, त्याचे शब्द विसरावे म्हटले तरी विसरत नाहींत.

हें मर्म आपल्या जुन्या कवींनीं ओळखिलें होतें. आरंभीं मराठी मंडळ्यांत परदेशीय चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ होतीं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे ह्यांनीं देशी चालींवर पदें रचिलीं. पुढें रे. नारायण वामन टिळक ह्यांनीं ह्या कामाला आपलें सर्व आयुष्य वाहिलें. टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला, आणि १८९५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचें फार प्रेम होतें. ख्रिस्ताकडे येतांना त्यांनीं ती वीणा खालीं ठेविली नाहीं, तर तीच प्रभूच्या चरणीं आणिली. आपल्या उपासनेच्या पुस्तकांत त्यांचीं गीतें आजही विपुल आहेत. १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें, तेव्हां टिळक तेथें आले होते. ज्या संमेलनांत धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या मुलाला बालकवि ही पदवी मिळाली, तें हेंच. आणि हा मुलगा पुढें टिळकांच्या घरीं नगरास राहिला. तेव्हां टिळकांचा व आमच्या खानदेशाचा संबंध परका नाहीं.

टिळकांनीं ख्रिस्ताची कथा ओवींत गावयास घेतली, आणि तिला ख्रिस्तायन असें नांव दिलें. १९१९ सालीं त्यांचा अंत झाला तेव्हां ती अपुरी होती. ती पुढें कोणी नेली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं. लग्न होऊन आल्या तेव्हां ज्यांना लिहितांवाचतां येत नव्हतें, त्या ह्या बाई! पण लहानपणापासून ओव्या व आर्या त्यांच्या कानांत भरलेल्या होत्या. १९३६ सालीं त्याही गेल्या, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. एकानें गीत आरंभिलें, दुसरीनें तें पुढें चालविलें, आणि मागें राहिलेल्यांनीं तें लोकांच्या हातीं दिलें. ठेव पुढें देणें म्हणजे काय, ह्याचा ह्याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

परदेशांतील चाल वाईट, असें आमचें म्हणणें नव्हे. पुष्कळ वृद्धांच्या गोड आठवणी त्या चालींवरही बसलेल्या आहेत. परदेशांतही लोकांनीं हेंच केलें आहे. मार्टिन लूथर ह्यानें १५३५ च्या सुमारास आपल्या मुलाबाळांसाठीं नाताळचें गीत केलें, तें लोकांत चालू असलेल्या एका गाण्याच्या धर्तीवर. आयझॅक वॉट्स ह्या इंग्रज कवीनें १७१९ सालीं ९८ व्या स्तोत्राच्या आधारें जें गीत रचिलें, तें आज जगभर नाताळांत म्हणतात. त्यानेंही जुन्या स्तोत्राची आठवणच नव्यानें जागविली.

पण हल्लीं दुसरीच गोष्ट होऊं लागली आहे. गीतें म्हणण्याऐवजीं तीं वाजविलीं जातात. नाताळच्या रात्रीं डी.जे. लावितात, आणि त्यावर जिंगल बेल्स मोठ्यानें चालतें. हें गाणें १८५७ सालीं अमेरिकेंतील जेम्स पिअरपाँट ह्यानें प्रसिद्ध केलें. बर्फावरून घोड्यानें ओढावयाच्या बिनचाकी गाडींत बसून केलेल्या मौजेचें तें गाणें आहे. त्यांत प्रभूच्या जन्माचें नांवही नाहीं, आणि नाताळचेंही नाहीं. मुलांनीं तें हौसेनें म्हटलें तर त्यांत पाप नाहीं. परंतु पन्नास वर्षांनीं ह्या मुलांना नाताळ आठवेल, तेव्हां त्यांस काय आठवावें? जें बर्फ त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं तें, कीं आपल्या आजोबांचा आवाज? ज्या गीतांत मुलानें स्वतः आपला आवाज मिसळिला, तेंच गीत पुढें त्याची आठवण होतें.

५. खानदेशच्या एका माउलीपासून शिकण्याजोगें

जळगांवाजवळील आसोदें गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांचें नांव आज महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. जळगांवच्या विद्यापीठालाही त्यांचें नांव आहे. त्या ख्रिस्ती नव्हत्या. पण आपल्या मंडळ्यांनीं त्यांच्या चरित्रापासून एक धडा घ्यावा असा आहे. त्यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. शेतांत काम करितांना, जात्यावर दळतांना, आपल्या घरच्या बोलींत त्या गाणीं रचीत व गात. त्यांचे पुत्र सोपानदेव व नात्यांतील एक तरुण ह्यांनीं त्यांपैकीं कांहीं कागदावर उतरून घेतलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या, आणि १९५२ सालीं तीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं. जीं उतरून घेतलीं तेवढींच राहिलीं. जीं उतरलीं नाहींत, तीं त्या माउलीबरोबर गेलीं. एका वहीनें केवढी संपत्ति वांचविली, पाहा!

आपल्या मंडळ्यांत अशा माउल्या नाहींत काय? आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंस नाताळचें एक जुनें पद येत असे. तें कोणत्याही पुस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं. त्यांच्या नातीनें एके रात्रीं वही घेऊन तें उतरावयास घेतलें. चार कडवीं झालीं, आणि आजीबाई थांबल्या.

"आजी, पुढचं कडवं?" नातीनें विचारिलें.

"तें मला येत नाहीं, माय. तें तुझे आजोबा म्हणायचे. मी नुसतें पालुपद धरायची."

आजोबांस जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. त्या नऊ वर्षांत तें पद दर नाताळांत चारच कडव्यांवर थांबत असे, आणि आजीबाई कां थांबतात हें कोणी विचारिलें नव्हतें. नात मात्र तेवढ्यावर राहिली नाहीं. आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे आजीबाईंची नणंद, चोपड्याकडे एका खेड्यांत होती. तिला मोबाइलवर विचारितांच तिनें पांचवें कडवें सहज म्हणून दाखविलें. लहानपणीं भावाबरोबर तिनें तें कितीदां म्हटलें होतें! आजीबाईंनीं तें कानाला यंत्र लावून ऐकिलें, आणि पुन्हां एकदां म्हणावयास सांगितलें. त्या रडल्या, पण त्या वर्षीं तें पद पांच कडव्यांचें झालें, आणि पांचवें कडवें म्हणावयास नात उभी राहिली.

ही गोष्ट लहान आहे. पण ज्या यंत्रावर आपण दुसऱ्यांचीं गाणीं ऐकत बसतों, त्याच यंत्रानें आपलें हरवलेलें गीत परत मिळूं शकतें, हें तिच्यावरून दिसतें. वेळ मात्र थोडा आहे. ती नणंदही वयानें ऐंशींच्या घरांत होती.

६. उपदेशक बंधूंस व शब्बाथशाळेच्या शिक्षकांस सूचना

पहिली : नाताळापूर्वींच्या एका रविवारीं वडील माणसांस पुढें बसवा, आणि प्रत्येकाला एकच विचारा, "तुमच्या मनांत घर करून राहिलेलें नाताळचें गीत कोणतें, आणि तें तुम्हीं कोणापासून शिकलां?" उत्तर लांबलें तरी मध्येंच तोडूं नका.

दुसरी : मंडळीची एक वही करा. तींत गीताचे सर्व शब्द, चाल कोणत्या ओळखीच्या गीताची आहे तें, कोणी सांगितलें, कोणत्या गांवीं शिकलें, आणि लिहून घेतल्याचें वर्ष, एवढें लिहा. अहिराणींत किंवा घरच्या बोलींत पद असेल तर तें तसेंच लिहा. शुद्ध करण्याच्या भरांत त्याचा जीव घेऊं नका. मोबाइलमध्यें आवाजही भरून ठेवा. पण वही सोडूं नका, कारण यंत्र बिघडतें.

तिसरी : दर नाताळास एक जुनें गीत मुलांकडून पाठ करून घ्या. तें ज्यानें सांगितलें त्या वृद्धाला मुलांच्या मध्यें उभें करून म्हणवा. मुलांस गीत आणि माणूस हीं दोन्हीं बरोबर आठवूं द्या.

चौथी : गीतें म्हणत घरोघर जातांना ज्या घरीं ह्या वर्षीं दुःख झालें आहे तें घर वगळूं नका, आणि तेथें गलबलाही करूं नका. दारांत हळू उभे राहा. त्या घरच्या गेलेल्या माणसाला जें गीत प्रिय होतें तें विचारून म्हणा. आणि लागलीच पुढें न निघतां थोडें बसा.

पांचवी : जो तरुण नवें गीत रचितो त्याला हंसूं नका. आजचें जुनें तें एके दिवशीं नवेंच होतें. परंतु त्याला इतकें सांगा, कीं मरीयेनें आपलें नवें गीत हन्नेच्या जुन्या गीताजवळ बसून रचिलें.

समारोप

मेंढपाळांनीं देवदूतांचें गीत एकदांच ऐकिलें. तें परत ऐकावयास त्यांजपाशीं कांहीं साधन नव्हतें. तरी ते घाईनें गेले, पाहिलें, आणि जें त्यांस सांगण्यांत आलें होतें तें त्यांनीं दुसऱ्यांस सांगितलें. त्या सांगण्यावरूनच तें गीत आज खानदेशांतील कपाशीच्या शेतांपर्यंत येऊन पोंचलें आहे. ज्यांनीं तें आपल्या हातीं दिलें, त्यांचे चेहरे गीताबरोबर डोळ्यांपुढें येतात, यावेतच. ते आले म्हणजे देवाचे आभार माना, आणि शेजारीं उभ्या असलेल्या मुलाला पुढलें कडवें शिकवा.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. हन्नेच्या व मरीयेच्या गीतांत कोणत्या तीन गोष्टी सारख्या आहेत?

२. जखऱ्याच्या गीतांत देव कशाची आठवण ठेवितो?

३. शिमोनाचें गीत व त्यानें मरीयेला सांगितलेली गोष्ट ह्यांवरून दुःखी घरांतील नाताळाविषयीं आपण काय शिकतों?

४. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहींशा झाल्यावरही तो ग्रंथ कसा वांचला?

५. आपल्या मंडळींत असें कोणतें गीत आहे, जें आतां एकाच माणसाला पूर्ण येतें? तें ह्या आठवड्यांत कोण लिहून घेईल?